अस्वलानं नेलेला पॅक

४ मे. सकाळपासून पिशव्या धुण्याचं काम. जाड हिरव्या कापडाच्या, पाठीवर अडकवायच्या पिशव्या. शेडच्या मागच्या नळाखाली मोठ्या घमेल्यात सोडा टाकून त्या भिजवल्या होत्या. एकेक बाहेर काढायची, ब्रशनं घासायची, पिळायची आणि नाकाशी धरायची. वास तसाच. परत पाण्यात.

वास मोहफुलांचा होता. मोह वाळायला लागला की जो गोड, जरा आंबूस वास सुटतो, तो. त्या वासापायी आमच्या शेडचं सगळ्यात महत्त्वाचं काम जायची वेळ आली होती, आणि दुपारी कंपनीचे साहेब त्याचा निकाल सांगायला येणार होते.

माझी शेड वडशाला आहे. सरकारी कागदावर देसाईगंज, बाकी सगळ्यांना वडसा. शेडमध्ये आम्ही बायका बॅटऱ्यांचे पॅक जोडतो. सुरुवात नाटकापासून झाली. माझे मिस्टर झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांना लाइट आणि माईक पुरवतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई तिथे रात्रभर नाटक. नटांच्या कमरेला लावायच्या माईकची बॅटरी नेमकी रडायच्या प्रवेशात जायची. नायिका मेलेल्या नवऱ्याच्या अंगावर पडून आक्रोश करते आहे, तोंड हलतं आहे, आवाज नाही, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडतो, "जोरात रड वो बाई, इथी आयकू नाई येऊन राह्यलं." सगळा मंडप हसायचा. मंडळीचा मालक दुसऱ्या दिवशी यांच्यावर चिडायचा, आणि हे घरी येऊन माझ्यावर.

मी आयटीआय केलेली होती. सुटे सेल आणून, निकेलच्या पट्ट्यांनी जोडून मी स्वतःच पॅक बनवायला घेतले. पहिले बरेच बिघडले. मग एक नियम केला: वापरून पाहिल्याशिवाय वस्तू शेडबाहेर जाणार नाही. नवा पॅक आधी आमच्या माणसाच्या कमरेला एक नाटकभर राहणार. धूळ खाणार, दव खाणार, टेम्पोत आदळणार, मग विकला जाणार. हा नियम मी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतला आहे. पुढे जे झालं ते त्या नियमामुळेच झालं, आणि तरीही तो मी पुसलेला नाही.

लष्कराच्या कामात आम्ही कसे शिरलो, तेही नाटकामुळेच. चिमूरकडचे एक निवृत्त सुभेदार एका हिवाळ्यात आमच्या मंडळीचं नाटक पाहत होते. गावची वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत माईक आणि एक दिवा आमच्या पॅकवर चालत राहिला, नाटक थांबलं नाही. सुभेदार पडद्यामागे आले. त्यांना नाटकाचं नावही आठवत नव्हतं. "ते कमरेले काय लावलं होतं, ते दाखवा," म्हणाले. निवृत्तीनंतर ते पुण्याच्या एका कंपनीच्या वस्तूंची जंगलात चाचणी करून देत. त्या कंपनीकडे सैनिकाच्या पाठीवरच्या वीजसंचाचं काम आलं होतं. जवान जंगलात जातो तेव्हा रेडिओची बॅटरी वेगळी, रात्री दिसायच्या दुर्बिणीची वेगळी, टॉर्चची वेगळी, प्रत्येकाची जोडी, आणि सगळ्यांचं वजन त्याच्याच पाठीवर. त्याऐवजी एकच पॅक, सगळ्याला वीज देणारा, घडीच्या सौर पत्र्यावर चार्ज होणारा.

असं काम एकटी कंपनी करत नाही. सर्किट हैदराबादहून आलं, सौर पत्रा नागपूरहून, आराखडा कंपनीचा. सेलची जोडणी, ॲल्युमिनियमच्या खोक्यात बसवणं आणि पिशवी एवढं आमचं. करारात आम्ही सगळे भागीदार. त्यात आमचं नाव शेवटी होतं, आणि काही बिघडलं की लोक यादी शेवटून वाचतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कंपनीच्या साहेबांबद्दल वाईट बोलणार नाही. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला कोरडे, कामाला पक्के. प्रत्येक सेलचा आतला रोध मोजून सारखे सेल एकत्र बसवायचे, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. त्याआधी आम्ही नुसतं व्होल्टेज पाहून जोडत होतो. त्यांनी शिकवल्यापासून आमचे नाटकाचे पॅकही जास्त टिकतात.

गडचिरोली जिल्ह्यात अशा कामाची जाहिरात कोणी करत नाही. आमच्याकडच्या एका बाईच्या नवऱ्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "तुमी बंदुकवाल्याईचं काम काऊन करून राह्यल्या?" मी म्हटलं, यातून गोळी सुटत नाही भाऊ, यातून फोन लागतो. जखमी माणसाला जंगलातून बाहेर काढायला आधी फोन लागावा लागतो. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. बायकोला मात्र त्यानं कामावर येऊ दिलं, म्हणजे ती येत राहिली.

पिशव्या शिवते ती माझी सगळ्यात जुनी बाई. वडशाच्या पुढे जंगलाला लागून तिचं गोंडांचं गाव आहे. आधी ती नाटकाचे पडदे शिवायची. तिची शिलाई ताणून फाडायची तर कापड फाटतं, शिलाई नाही. या कामाच्या पिशव्या तिनं एप्रिलमध्ये आपल्या घरी शिवल्या, आणि पहिले पॅक अहेरीच्या पलीकडे एका तळावर चाचणीला गेले.

३ मेच्या संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला.

"बाई, तुमचा पॅक अस्वलानं नेला."

"मजाक काऊन करता भाऊ?"

"मजाक नाई. तंबूच्या भायेर झाडाले टांगला होता. पहाटे अस्वल आलं, फांदीवरून ओढला, पिशवी फाडली आन् खोकं तोंडात धरून नाल्यात गेलं. पोराईनं थाळ्या बडवल्या तवा टाकून पळालं."

"कोणाले लागलं?"

"कोणालेच नाई. पण तुकडी बाकीचे पॅक बी ठेवून गेली ना गस्तीले. जुन्या बॅटऱ्या घेऊन. चाचणी नापास लिहिली त्याईनं. साहेब उद्या येऊन राह्यले. मी बी येतो."

मी शेडमध्ये जाऊन राहिलेल्या पिशव्या काढल्या. शिलाई पाहिली, पट्टे ओढून पाहिले, वास घेतला. काही नाही. कापडाचा वास. तेवढ्यात मिस्टर आले. ते नव्या लाइटच्या खरेदीसाठी बरेच दिवस नागपूरला होते, नुकतेच गाडीतून उतरले होते. दारातच थबकले.

"मोह कोणी वाळत घातला इथी?"

"कोणी नाही."

त्यांनी एक पिशवी उचलून नाकाला लावली. "याच्यात घातला होता. दारू काढता येईल पिळून."

मी परत वास घेतला. तेव्हा कुठे जाणवला, तोही पुसट. एप्रिलभर आमच्या भागात अंगणात मोह, ओसरीवर मोह, लुगड्याला, केसाला, बसच्या सीटला मोहाचा वास. महिनाभरानं नाक त्याला वास म्हणणं सोडून देतं. शेडमधल्या एकाही बाईला तो आला नव्हता. अस्वलाचं तसं नाही. मोह हे त्याचं वर्षाचं सगळ्यात आवडतं जेवण. आम्ही ते छान जाड कापडात बांधून त्याला पाठवलं होतं.

मी त्या बाईला फोन केला. "पिशव्यात मोह भरला होता का?"

"भरला होता ना," ती म्हणाली, अगदी मोकळेपणानं. "तुमीच तं म्हणता, वापरून पाह्यल्याबिगर द्याचं नाई. पट्टा तुटते का नाई पाहाले मोह येचून भरून आणला. समद्या पिशव्या पाह्यल्या एकेक करून. लय मावते वो बाई त्याच्यात. एक तं मले ठेवून घ्यावी वाटत होती."

मी कपाळाला हात लावला. तिला रागवणार कशी? भिंतीवर अक्षरं माझी होती.

म्हणून ४ मेची सकाळ घमेल्यापाशी गेली. ती बाई पहिल्या बसनं आली होती. तिला मी सगळं सांगितलं होतं, तेव्हापासून ती नुसती पिळत होती. दुपारी साहेबांची गाडी आली. पुढे सुभेदार, मागे साहेब. गाडीत वाळू भरलेली बादली आणि तिच्यात तो पॅक. लिथियमच्या सेलला मार बसला की ते नंतरही पेट घेऊ शकतात, म्हणून साहेबांनी तो तसा आणला होता. बरोबर केलं होतं.

मी चहा ठेवायला सांगितला. साहेब म्हणाले, चहा नंतर.

"मॅडम, वरून निर्णय झाल्यासारखाच आहे. चाचणी नापास झाली की ज्या युनिटकडून दोष आला त्याचं काम आम्ही आमच्याकडे घेतो. सेलची जोडणी पुण्याच्या कारखान्यात होईल. शेडमधल्या बायकांना दुसरं काहीतरी काम देता येईल. पॅकिंग वगैरे."

"दोष जोडणीत निघाला का?"

"दोष तुमच्या युनिटमधून आलेल्या वस्तूत निघाला."

"वस्तू दोन आहेत. पिशवी आणि पॅक. पिशवीला वास होता, तो कसा लागला ते मी सांगते." आणि सांगितलं, मोह भरण्यासकट. सुभेदार मान खाली घालून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला.

"मग एक मार्ग आहे," ते म्हणाले. "मी तुमच्याच बाजूनं सांगतोय. पिशव्यांचं काम नागपूरला देऊ. ज्या बाईंनी हे केलं त्यांचं नाव अहवालात जाईल, त्यांना या कामातून काढलं असं लिहू. मग ती एका व्यक्तीची चूक ठरते, युनिटची नाही. जोडणी तुमच्याकडे ठेवायला मी वर बोलू शकतो. कोण आहेत त्या?"

मी म्हटलं, "ते नाव मी सांगणार नाही."

"मॅडम, एका नावाचा प्रश्न आहे."

"मीच व्हय ते," घमेल्यापासून आवाज आला. ती हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली होती. "लिहा माझं. मले काय होते."

"तू पिशव्या पीळ," मी म्हटलं. ती परत बसली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तर कळलंच, असं. मी म्हटलं, "तुम्हाला कळलं, अहवालाला कळू देऊ नका. तिला काढलं तर उद्यापासून माझ्या शेडमध्ये एक बाई वस्तू वापरून पाहणार नाही. शिवेल, गुंडाळेल, हातात देईल. चूक झाली तर ती जंगलात कळेल, जवानाच्या पाठीवर. मला तसली शेड चालवायची नाही. तिला काढून जोडणी वाचत असेल तर जोडणी घेऊन जा."

शेडमधलं स्पॉट वेल्डिंगचं यंत्र या कामासाठीच घेतलं होतं. आत बायका यंत्रापुढे बसून होत्या आणि यंत्र बंद होतं, म्हणजे सगळ्या ऐकत होत्या.

"आणि पॅक पाहिल्याशिवाय त्याच्यावर नापास लिहायचं नाही," मी म्हटलं. "आता पाहू. तुमच्या मीटरनं."

सावलीत, अंगणात, वाळूवरच आम्ही तो उघडला. साहेबांनी चष्मा चढवला, हातमोजे घातले. खोक्याच्या एका बाजूला दातांचे दोन खोल खळगे होते, कोपरा आत दबला होता. आत त्या कोपऱ्यातली निकेलची पट्टी वाकली होती. जोड सुटला नव्हता. साहेबांनी सेलच्या एकेका गटाचं व्होल्टेज घेतलं, मग परत घेतलं. मी त्यांच्या हातावरून नजर हलवली नाही. सगळे गट सारखे होते. मग त्यांनी आपला चाचणीचा रेडिओ लावला आणि तो सुरू झाला.

सुभेदार म्हणाले, "अस्वलाची चाचणी तं तुमच्या ड्रॉइंगमंदी नव्हतीच साहेब. फुकटात होऊन गेली."

"एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले. ते खरंच होतं.

"हो," मी म्हटलं. "नापासही सिद्ध होत नाही. तुम्ही अहवालात असं लिहा: पिशवीला खाण्याचा वास लागू नये, ही सूचना कोणीच दिली नव्हती. तुमच्या ड्रॉइंगवर नाही, सुभेदार भाऊंच्या सूचनांत नाही, माझ्या भिंतीवर नाही. आजपासून तिन्ही ठिकाणी असेल. पिशव्या नव्या शिवू, इथेच शेडमध्ये. या धुतलेल्या जंगलात जाणार नाहीत, कितीही धुतल्या तरी."

"ठीक आहे, पण परत चाचणी लागेल. आणि तळावरचे लोक आता तुमचा पॅक हातात घ्यायला तयार नाहीत. त्यांचंही चुकत नाही. कोणाच्या पाठीवर देणार?"

"माझ्या."

साहेबांनी चष्मा काढला.

विडीसाठी तेंदूची पानं, आमच्याकडे म्हणतात तो पत्ता, तोडायचे दिवस होते. सगळ्या गावातल्या बायका पहाटे जंगलात जातात, उन्हं तापेपर्यंत पानं तोडतात, गठ्ठे घेऊन परत येतात. वाकणं, बसणं, काट्यातून शिरणं, ओझं उचलणं, सगळं त्यात आलं. अस्वलंही त्याच जंगलात असतात. मी म्हटलं, "उद्या मी पॅक घालून पत्ता तोडायला जाते. रेडिओ त्यावर चालू राहील. तुम्ही दुसरा रेडिओ घेऊन रस्त्यावर बसा आणि ऐका."

"याला चाचणी म्हणत नाहीत, मॅडम."

"तुमच्याकडे म्हणत नसतील. आम्ही म्हणतो. तळावरची चाचणी नंतर करा, तुमच्या पद्धतीनं."

"पाठ दुखंल तुमची," सुभेदार म्हणाले.

"जवानाची दुखते तेव्हा कोणी विचारतं का?"

साहेबांनी त्या दातांच्या खळग्यांवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले की वरचा निर्णय ते बदलू शकत नाहीत, पण अहवाल अजून गेलेला नाही. उद्या दुपारपर्यंत थांबतो, नाव घालत नाही, आणि पुण्याहून काय उत्तर येईल याची हमी देत नाही. मी म्हटलं, हमी कोणी मागितली नाही. मग चहा झाला.

ते लॉजवर गेले. शेडमध्ये कोरं कापड ताग्यात होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. मिस्टरांना मी शहरातलं नाक म्हणून बसवलं. त्यांनी तागा हुंगून पास केला. त्या बाईनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि शिवायला बसली. मग यंत्र थांबवून म्हणाली, "बाई, ही पिशवी काहाच्यानं भरून पाहू?"

"रेती," मी म्हटलं. "धुतलेली रेती."

"रेती तं कोणी खात नाई."

"म्हणूनच."

ती पहिल्यांदा हसली. पिशवी झाल्यावर तिनं ती रेतीनं भरली, खांद्याला लावून शेडभर फिरली, उड्या मारल्या. पट्टा धरला. आम्ही दुसरा, अस्वलाचे दात न लागलेला पॅक आत बसवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवला, पॅक पाठीवर घेतला आणि टेम्पोनं तिच्या गावी गेले. बायका निघायच्या तयारीत होत्या. एकीनं पॅक दाबून पाहिला. "याच्यात भाकर हाये का?" दुसरी म्हणाली, "तिच्यामागं चालू नका, अस्वल तिलेच शोधून राह्यलं." सगळ्या हसल्या, आणि मग नेहमीसारख्या एकमेकींना हाका देत, आवाज करत आत शिरल्या. साहेब आणि सुभेदार गावाबाहेर रस्त्यावर थांबले. साहेबांनी त्या बाईच्या घरची काठी मागून घेतली होती.

तासाभरात माझी पाठ घामानं चिकटली. पट्टा खांद्यात रुतत होता. तिथे आतून पट्टी हवी, हे मी लक्षात ठेवलं. ती बाई माझ्या पुढेच होती, दोन्ही हातांनी तोडत, माझ्यापेक्षा कितीतरी वेगात. रेडिओ खरखरला.

"मॅडम, ऐकू येतंय? चार्ज किती दाखवतोय?"

मी पट्ट्यावरच्या छोट्या पडद्यात पाहिलं आणि आकडा सांगितला.

"परत सांगा, नीट आलं नाही."

मागून बायकांतली एक ओरडली, "जोरात सांग वो बाई."

मी परत सांगितलं, जोरात. मग साहेबांचा आवाज आला, "लिहितोय."

"लिहा," मी म्हटलं. रेडिओ पट्ट्यात खोचला, पॅक पाठीवर सरळ केला, आणि पुढच्या झाडाची पानं तोडायला लागले.